मातीतले मांडूळ, माठातले मांडूळ

(सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामसेवक यांच्यासमोर केलेले भाषण)



गुढीपाडव्याच्या आगेमागे साखर कारखान्यांचा गळीत हंगाम संपतो आणि बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातून व कर्नाटकातून आपापल्या गावी परततात. शिवारात त्याच सुमारास नांगरट, बांधबंदिस्ती आणि शेततळ्यांचे खोदकाम सुरू होते. थंडीत बिळांत व भेगांत पडून राहिलेले साप, घोरपडी आणि सरडेही याच दिवसांत अधिक दिसू लागतात. सुगी होऊन कडब्याच्या गंजी लागलेल्या असतात. गंजीखाली उंदीर असतात, आणि उंदरांमागे साप येणार हे ओघानेच आले.

अशा वेळी ढेकळाखालून एखादे मांडूळ निघते. रंग तांबूस-तपकिरी, कातडी गुळगुळीत, शेपूट इतके बोथट की तोंड कोणते हे चटकन उमगू नये. पूर्वी शेतकरी त्यास काठीने बाजूला सारी, क्वचित भीतीपोटी मारी. आता ते गोणपाटात गुंडाळून घरी नेले जाते, माठात माती भरून त्यात ठेवले जाते, आणि कोणीतरी कोणालातरी फोन करतो. आजच्या विवेचनाचा विषय हा माठ आहे.

मांडुळास दुतोंड्या म्हणतात. सहा महिने एका तोंडाने व सहा महिने दुसऱ्या तोंडाने ते चालते, असा समज आहे. वस्तुतः त्यास तोंड एकच. संकट आले की ते डोके वेटोळ्याखाली दडवते आणि बोथट शेपूट पुढे करते. शत्रूचा घाव शेपटीवर बसतो आणि डोके वाचते. शेपटीवरील जुने व्रण लोकांना डोळे-तोंड वाटतात. काही गारुडी तर चटके देऊन असे व्रण मुद्दाम उठवीत. हा साप बिनविषारी आहे, बहुतांशी रात्री हिंडतो, दिवस मातीत काढतो आणि उंदरांवर जगतो. अंडी न घालता थेट पिले देणाऱ्या थोड्या सापांपैकी तो एक होय. म्हणून उन्हाळ्यात पकडलेली मादी गाभण असण्याचा संभव असतो. तशा वेळी माठात गेलेला जीव एकटा नसतो.

घरात त्याचे काय होते? साप आपल्या शरीराची उष्णता आपल्यासारखी आतून निर्माण करीत नाही. ऊन झाले की तो खाली ओलीत उतरतो, गारवा आला की वर येतो, आणि या खालीवर होण्यावरच त्याचे पचन अवलंबून असते. माठात खालीही तेवढेच तापते आणि वरही तेवढेच. असे कोंडलेले मांडूळ बहुधा अन्नास तोंड लावीत नाही. परंतु साप अन्नावाचून महिनोन्महिने तग धरतो, आणि फसगत होते ती येथेच. पाळणाऱ्यास वाटते की जनावर ठीक आहे; ते मात्र आतून झिजत असते.

आता बाजाराविषयी. मांडुळाने गुप्तधन सापडते, पैशांचा पाऊस पडतो, असाध्य रोग बरे होतात, अशा वल्गना करून त्याची किंमत लाखांत आणि कोटींत सांगितली जाते. वजन जितके अधिक तितका आकडा मोठा. या आकड्यांना आधार काहीच नाही. मांडुळात असे कोणतेही औषध वा द्रव्य आढळलेले नाही. तरीही व्यवहार थांबत नाही. २०१६ ते २०२१ या काळातील वृत्तांतांचा मागोवा घेणाऱ्या एका अभ्यासात मांडुळाच्या अवैध व्यापाराच्या १७२ घटना देशभरात आढळल्या. त्यांपैकी ५९ घटना एकट्या महाराष्ट्रातील होत्या, म्हणजे सर्व राज्यांत अधिक. पुणे व ठाण्याकडे त्यांचा भर होता. गिऱ्हाईक शहरात शोधले जाते. जनावर मात्र कोणाच्या तरी बांधावरून उचललेले असते.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. मांडूळ घरी नेणारा तरुण नेहमी हावरट असतो असे नाही. मुकादमाची उचल फिटलेली नसते, पुढच्या हंगामासाठी कोयता पुन्हा बांधला गेलेला असतो, आणि त्याच वेळी कोणी सांगतो की ढेकळाखालचा हा साप सारे देणे फेडील. अशा माणसापुढे केवळ कायद्याची कलमे वाचून भागणार नाही. हा सौदा बहुधा पुरा होतच नाही, हे त्यास गावातील विश्वासाच्या माणसाने समजावले पाहिजे. मधले दलाल आज-उद्या करीत राहतात, वजन कमी भरले म्हणतात, आणि अखेरीस जो खरेदीदार येतो तो पुष्कळदा पोलिसांनी वा वन विभागाने पाठविलेला बनावट ग्राहक निघतो. गाठोडे ज्याच्या हातात असते तो सापडतो. उचल फिटत नाही. वकिलाचा खर्च मात्र वाढतो.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकार या शब्दाचा अर्थ केवळ ठार मारणे एवढाच नाही. पकडणे, सापळा लावणे, सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणे हेही त्यात येते. पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्याच्या हद्दीपुरताच हा कायदा आहे, असा पुष्कळांचा समज दिसतो. तो चुकीचा आहे. अनुसूचित वन्यप्राण्यास स्वतःच्या शेतातून उचलणे हाही गुन्हाच. असा प्राणी शासनाची मालमत्ता असून तो कोणाच्या ताब्यात आल्यास ४८ तासांच्या आत नजीकच्या पोलीस ठाण्यास वा प्राधिकृत अधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. अधिनियमातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली. तीनुसार सर्वसाधारण गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. घोरपडीसारख्या पहिल्या अनुसूचीतील प्राण्याबाबत मात्र किमान तीन व कमाल सात वर्षे कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. शहरांत हौसेने पाळल्या जाणाऱ्या परदेशी इग्वाना व अजगरांपैकी अनुसूचित जातींचीही नोंदणी करावी लागते. त्याचे नियम केंद्र शासनाने २०२४ मध्ये केले आहेत.

कायद्याहून निकडीचा धोका वेगळाच आहे, आणि तो ओळखीचा आहे. मांडुळाचा एक भाऊबंद, डुरक्या घोणस, हाही बिनविषारी. परंतु त्याचे ठिपके आणि जाडसर अंग घोणसीशी इतके जुळते की जाणकारही क्षणभर थबकावा. डुरक्या म्हणून, वा अजगराचे पिल्लू म्हणून, हाती धरलेली घोणस निघाली तर जिवावर बेतते. कवड्या समजून पकडलेल्या मण्याराचेही तसेच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकच लस चालते. तेव्हा दंश झाल्यास साप मारून वा पकडून दवाखान्यात नेण्याची गरज नाही. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, दंश झालेला अवयव हलू देऊ नये, आणि मांत्रिकाकडे एक मिनिटही घालवू नये. सर्पदंश झालेल्यास वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमाखाली गुन्हा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशास दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घातले, आणि भारताने २०२४ च्या राष्ट्रीय कृती आराखड्यात २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. या पार्श्वभूमीवर, पकडलेले विषारी साप डब्यांत भरून घरात ठेवणाऱ्या आणि चित्रफिती काढणाऱ्या काही हौशी सर्पमित्रांचे कौतुक गावाने थांबवावे, हेच उचित.

मुलांची गोष्ट निराळी. त्यांना विक्री करावयाची नसते. त्यांना पाहावयाचे असते. सिंदफणेच्या वा गोदावरीच्या काठी सापडलेले कासव बादलीत येते, सरड्याच्या गळ्यात दोरा पडतो. जमिनीवरचे कासव कोणते आणि पाण्यातले कोणते हे न कळल्याने एक पाण्यात गुदमरते आणि दुसरे कोरडे पडते. देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते, त्यास ना पाणी लागते ना ऊन; बादलीतल्या कासवाचे तसे नाही. पण मुलांच्या कुतूहलावर केवळ रागावण्यात शिक्षकांनी समाधान मानू नये. चैत्र-वैशाखात शाळेच्या कुंपणावर साधा सरडा बसतो, नराचे डोके व गळा लाल होतो, तो पुढच्या पायांवर अंग खालीवर करून आपली हद्द सांगतो. पंधरा दिवस रोज एकाच वेळी त्याची जागा, रंग व हालचाल वहीत टिपली तर मुलांना बादलीतील कासवाहून पुष्कळ अधिक शिकावयास मिळेल. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावर उन्हाळ्यात असाच एक सरडा गळ्याचा निळा-काळा-नारिंगी पंखा उघडून मादीस बोलावतो. दीपक वीरप्पन, वरद गिरी प्रभृती संशोधकांनी २०१६ मध्ये या सरड्यांच्या गटास स्वतंत्र प्रजातीचे स्थान दिले आणि तिचे शास्त्रीय नाव ठेवले ‘सरडा’. आपल्या रोजच्या बोलीतला शब्द जगाच्या प्राणिशास्त्रात गेला, हे सांगितले तर वर्गात एखादा तरी डोळा लकाकेल.

ग्रामपंचायतींनी करावयाचे काम मोठ्या खर्चाचे नाही. नांगरटीपूर्वीच्या ग्रामसभेत मांडुळाचा विषय एकदा बोलावा. वन विभागाचा १९२६ हा मदत क्रमांक चावडीवर व शाळेच्या भिंतीवर ठळक रंगवावा. जखमी प्राण्यांसाठी शिरूर कासार तालुक्यातील तागडगाव येथे सर्पराज्ञी हे वन्यजीव पुनर्वसन केंद्र आहे, ते ग्रामसेवकांना ठाऊक असावे. कोणी मांडूळ घरी आणल्याचे कळले तर प्रथम दरडावू नये. भीतीने ते रातोरात विहिरीत वा नाल्यात फेकले जाते, आणि मातीत राहणारे हे जनावर तेथे बुडून मरते. ४८ तासांची मुदत आहे हे सांगून त्यास स्वतःहून कळविण्यास प्रवृत्त करावे, आणि ते नेमक्या कोणत्या गटातून, कोणत्या बांधाजवळून उचलले हे विचारून ठेवावे. ही माहिती वनरक्षकास हवी असते, कारण मांडूळ जेथून आणले त्याच्या जवळच, भुसभुशीत जमिनीवर, ऊन उतरल्यावर सोडणे योग्य ठरते. तेथे त्यास परिचित उंदीर आणि परिचित भेगा असतात. मातीत शिरावयास त्यास फार वेळ लागत नाही.