इतिहासाचे अध्यापक फादर हेरास



ज्युबिलीनिमित्त आपल्या धर्मग्रामाचा इतिहास लिहावयाचें ठरलें, आणि तें काम अंगावर घेतलेल्या तरुणांनीं मला विचारलें, "फादर, लिहावें तें कशाच्या आधारें?" प्रश्न रास्त आहे. उत्तर देण्याआधीं इतिहासाच्याच एका अध्यापकाची हकीकत सांगतों.

फादर हेन्री हेरास यांचा जन्म स्पेन देशांत बार्सिलोना येथें १८८८ सालीं झाला. येशूसंघाचे हे धर्मगुरू १९२२ सालीं मुंबईच्या सेंट झेविअर्स कॉलेजांत आले, तेव्हां त्यांच्या वयाचीं ३४ वर्षें पूर्ण झालीं होतीं. कोणता इतिहास शिकवाल, असें प्राचार्यांनीं विचारतां त्यांनीं हिंदुस्थानचा असें सांगितलें. त्याचें ज्ञान किती? कांहींच नाहीं. मग शिकवणार कसे? अभ्यास करून! ही गोष्ट त्यांचे चाहते मोठ्या कौतुकानें सांगत आले आहेत. सेमिनरींत ती प्रथम ऐकली तेव्हां मला हसूं आलें होतें.

पण पुढचें पाहा. १९२६ सालीं त्यांनीं कॉलेजांत इतिहास-संशोधनाची संस्था स्थापिली, आणि १९२७ सालीं विजयनगरच्या आरवीडु घराण्यावरील त्यांचा ग्रंथ बाहेर पडला. मूळ साधन पाहिल्यावांचून लिहूं नये, हें शिष्यांस त्यांचें शिकवणें. ताम्रपट, शिलालेख, नाणीं, येशूसंघीयांचीं जुनीं पत्रें, सर्व तपासावयाचें. त्यांचे शिष्य जॉर्ज मोरायस यांचा कदंब घराण्यावरील १९३१ चा ग्रंथ याच तालमींतला. गोव्यांत चांदर येथें हेरास यांनीं उत्खनन करून एका प्राचीन शिवमंदिराचा पाया उजेडांत आणिला. मस्तक नसलेला दगडी नंदी तेथें आजही आहे. कॅथलिक धर्मगुरूनें हें काम इतक्या आदरानें करावें, याचें मला फार अप्रूप वाटतें.

त्यांचें सर्वच खरें ठरलें असें नाहीं. सिंधु-मुद्रांवरील लेख आपण वाचले, असें त्यांनीं १९५३ च्या मोठ्या ग्रंथांत मांडलें. विद्वानांनीं तें मानिलें नाहीं, व ती लिपी अद्यापि उलगडलेली नाहीं. तथापि द्राविडी भाषांत मासा आणि तारा या दोहोंस 'मीन' हाच शब्द असल्यानें मत्स्यचिन्हाचा अर्थ तारा असावा, हा त्यांचा तर्क पुढील कांहीं अभ्यासकांनीं उचलून धरिला. १९५५ सालीं ते मुंबईंत निवर्तले. संस्थेस आज त्यांचेंच नांव आहे, आणि १९८१ सालीं भारतीय टपाल खात्यानें त्यांचें तिकीट काढिलें.

आतां माझी कबुली. तरुणपणीं, दुसऱ्या एका ठिकाणीं, धर्मगुरुनिवासास रंग देतांना वाळवी लागलेल्या कागदांची एक पेटी निघाली. मीं ती न चाळतां जाळविली. पुढें एक म्हातारी आपल्या बापाच्या बाप्तिस्म्याची नोंद विचारावयास आली. "बाई, नाहीं," एवढेंच मला सांगतां आलें. ती कांहीं बोलली नाहीं, पायरीवर थोडा वेळ बसून निघून गेली.

लांज्याच्या पावसांत कागद टिकत नाहीं, हें तुम्हांस ठाऊक आहेच. म्हणून तुमच्या ट्रंकेंत असलेलीं जुनीं पत्रें, लग्नाचीं छायाचित्रें, आजोबांच्या हिशेबाच्या वह्या रविवारीं मिस्सेनंतर घेऊन या. छायाचित्रामागें नांवें पेन्सिलीनें लिहा. आम्ही नक्कल उतरून घेऊं आणि मूळ त्याच दिवशीं परत देऊं.