वज्रेश्वरीची ऊन पाण्याची कुंडे आणि आपले देऊळ
(जीर्णोद्धार सोहळ्यात ग्रामस्थांपुढे केलेले भाषण)



मी कीर्तनकार नव्हे आणि इतिहासाचा अभ्यासकही नव्हे. तालुक्याच्या कचेरीत कारकुनी करणारा माणूस. परंतु समितीच्या मंडळींनी आग्रह केला की, माघात आपली बस वज्रेश्वरीला गेली होती, त्याविषयी चार शब्द बोला. त्या दिवशी एक गोष्ट घडली ती मनातून जात नाही, म्हणून उभा राहिलो आहे.

शिरसाड फाट्यावरून मांडवी, पारोळ, उसगाव करीत रस्ता वज्रेश्वरीला जातो. अंतर फार नाही, पण आपण सारखे वसईच्या किल्ल्याकडे पाहतो आणि या बाजूला पाठ करतो. वास्तविक या दोन्ही जागा एकाच गोष्टीची दोन टोके आहेत. आपल्या उशाशी किल्ल्याचे जे पडके तट, देवळे आणि चर्चचे भग्न कमानी-खांब उभे आहेत, तो किल्ला पोर्तुगीजांकडून घेण्यासाठी चिमाजी अप्पांनी वेढा घातला होता. किल्ला हाती येईना, तेव्हा त्यांनी वज्रेश्वरीला नवस केला, असे सांगतात. सन १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली आणि देवीचे देऊळ उभे राहिले. देवीचे मूळ ठाणे तिथून उत्तरेला गुंज येथे होते, पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर देवी वडवलीला आली, अशीही कथा आहे. आज त्याच वडवलीला आपण वज्रेश्वरी म्हणतो.

देऊळ टेकडीवर आहे. बावन्न पायऱ्या चढाव्या लागतात. भोवती किल्ल्यासारखा तट आणि दाराशी नगारखाना. एका पायरीवर कासव कोरले आहे, त्याला लोक कूर्मावतार म्हणून हळदकुंकू वाहतात. गाभाऱ्यात वज्रेश्वरी, रेणुका आणि कालिका. आमच्यातल्या वयस्क मावश्या पायऱ्यांवर तीन वेळा बसल्या, पण वर पोचल्याच.

आता कुंडांविषयी. तानसा नदीच्या काठाने अकलोली आणि पुढे गणेशपुरी इथे जमिनीतून ऊन पाणी येते. अकलोलीला रामेश्वराच्या देवळाशी दगडी कुंडे बांधलेली आहेत. गणेशपुरीला भीमेश्वराच्या देवळाजवळ आहेत. गणेशपुरीला नित्यानंद स्वामींनी सन १९३६ च्या सुमारास मुक्काम केला आणि १९६१ च्या ऑगस्टमध्ये तिथेच देह ठेवला, म्हणून बाहेरच्या देशांतूनही लोक येतात. काही कुंडांत पाय टेकवता येतो, काहींत बोट घालून लगेच काढावे लागते.

लहानपणी आजीबरोबर एस. टी. ने गेलो होतो, तेव्हा मी विचारले, "आजी, खाली चूल कुणी पेटवली?" तिने देवीने मारलेल्या दैत्यांची गोष्ट सांगितली, त्यांच्याच रक्ताचे हे ऊन पाणी. ती गोष्ट मी माझ्या मुलांनाही सांगितली आहे. शास्त्र जे सांगते तेही मला तितकेच नवलाचे वाटते. महाराष्ट्रात जिवंत ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून खूप खोल उतरते. जमिनीत दर किलोमीटर खोलीला सुमारे २५ ते ३० अंश उष्णता वाढते. तिथे तापलेले पाणी दुसऱ्या भेगेने झटक्यात वर येते आणि येताना खडकातले क्षार घेऊन येते. कोकणच्या लांबीभर असे झरे आहेत, आपल्या पालघर जिल्ह्यातल्या सातिवली, कोकणेरपासून खाली राजापूरच्या उन्हाळ्यापर्यंत. उन्हाळे, उन्हवरे, या गावांच्या नावातच ऊन पाणी आहे.

अंगदुखीला, कातडीच्या विकाराला या पाण्याने आराम पडतो, अशी श्रद्धा आहे. माझे गुडघे त्या दिवशी खरोखर हलके वाटले. मात्र रक्तदाब किंवा हृदयाचा विकार असेल त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय फार वेळ कढत पाण्यात बसू नये, हेही सांगतो. पाण्याची शक्ती देवाची असली तरी औषधाची गोळी बंद करू नये.

तर घडले ते असे. आपली मंडळी न्हाऊन वर आली, मी चपला घालत होतो. एक वयस्क बाई खराटा आणि घमेले घेऊन पाण्याच्या वाटेपाशी बसल्या होत्या. त्यांनी पाण्यातून शॅम्पूच्या पुड्या, साबणाचा कागद आणि एक फाटका गंजीफ्रॉक काढला आणि मला विचारले, "भाऊ, आत्ता न्हायली ती तुमच्याच बसमधली माणसं ना?" मी नाही म्हणू शकलो नाही. त्या म्हणाल्या, "पाणी खालून चांगलंच येतं हो. वरून घाण होतं." मग घमेले उचलून गेल्या. साडेचार हजार रुपये बसला आणि दोनशे रुपये देवीच्या ओटीला आपण हौसेने खर्च केले होते. त्या बाईंच्या हातावर आम्हांपैकी कुणी दहा रुपये ठेवले नाहीत. मीही नाही.

परत येताना मला सारखे आपले देऊळ दिसत होते. कचेरीत वर्षानुवर्षे कागद पाहतो. देऊळ बांधायला, कळस बसवायला, संगमरवरी पाटीवर नाव कोरायला माणसे उदार हाताने देतात. ते योग्यच आहे. या पुस्तिकेतली देणगीदारांची यादी वाचून ऊर भरून येतो. पण चार वर्षांनी नळ गळतो, गाभाऱ्यात ओल येते, तेव्हा कुणाकडे जावे हे समितीला कळत नाही. देवळामागची विहीर पाहा. माझ्या लहानपणी तिचे पाणी देवाला चालायचे. आता आपण निर्माल्य पिशवीसकट तिच्यात टाकतो आणि पूजेला टँकरचे पाणी आणतो. वसईतली बावखले बुजत गेली, तेव्हा हळहळणारे आपणच होतो. ही विहीर मात्र कुणी परक्याने बुजवलेली नाही.

म्हणून समितीपुढे दोन विनंत्या ठेवतो. जीर्णोद्धारातून जी शिल्लक उरेल तिच्यातून काही रक्कम मुदत ठेवीत ठेवावी आणि तिच्या व्याजावर झाडलोट करणाऱ्या बाईंचा पगार आणि विहिरीचा उपसा नियमित चालावा. पगार म्हणतो, बक्षिसी नव्हे. दुसरे असे की, निर्माल्यासाठी बाहेर वेगळा खड्डा करावा. खत होईल, ते गावातल्या बागायतीला लागेल.

माझ्या घरची परिस्थिती बेताची असल्याने मोठी देणगी देऊ शकलो नाही. श्रावण महिन्यातील सोमवारी पहाटे आवार झाडायला आमच्या घरातले एक माणूस येईल, असे वहीत लिहून दिले आहे. वही पुजारीकाकांकडे आहे. बाकीचे अकरा महिने रिकामे आहेत, ज्यांना सोयीचे असेल त्यांनी नाव घालावे. पुढच्या माघात पुन्हा बस काढायची आहे, तेव्हा साबण घरी ठेवून यावे आणि एक खराटा बरोबर घ्यावा.