गर्भिणीची साखर व हातांतील यंत्र
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



या मंगल प्रसंगीं मातांच्या आरोग्याविषयीं दोन शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. त्यासाठीं मीं एकच विषय निवडिला आहे: गर्भारपणांतील मधुमेह, व त्याच्या देखरेखीसाठीं आतां हातीं आलेलीं नवीं साधनें.

गर्भारपणीं वारेंतून स्रवणाऱ्या रसांमुळें मातेच्या शरीरांतील इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो. कित्येकींची साखर त्यामुळें वाढते. ती वारेंतून बाळास पोंचते व बाळ प्रमाणाबाहेर वाढतें. प्रसूति अवघड होते, आणि जन्मानंतर बाळाची साखर एकाएकीं उतरण्याचें भय असतें. बहुधा लक्षण कांहींच दिसत नाहीं; म्हणून पहिल्याच तपासणीच्या वेळीं, व ती निर्दोष निघाल्यास पुन्हां २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनीं रक्त तपासावें, असा आपल्या सरकारचा दंडक आहे.

पुढील कसोटी घरींच असते. साखर उपाशीपोटीं ९५ च्या व जेवणानंतर दोन तासांनीं १२० च्या आंत राहावी लागते. पूर्वीं हे आकडे वहींत लिहीत. आतां लहानसें यंत्र बोटाच्या एका थेंबावरून आकडा काढून मोबाईलकडे पाठवितें, व पुढील भेटीची वाट न पाहतां डॉक्टर तो पाहूं शकतात. दंडावर चिकटविण्याचा सेन्सर तर दर कांहीं मिनिटांनीं साखर मोजतो. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘कन्सेप्ट’ नामक प्रयोगांत, पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या गरोदर स्त्रियांनीं असा सेन्सर वापरिल्यानें अतिवजनाचीं बाळें कमी झालीं. गर्भारपणांतच उद्भवणाऱ्या मधुमेहाविषयीं पुरावा इतका निश्चित नाहीं. तेथें बहुतेकींस साधें यंत्र पुरतें.

परंतु यंत्र केवळ सांगतें. उपचार करीत नाहीं. वहीच्या काळीं कित्येक स्त्रिया बोलणीं खावीं लागूं नयेत म्हणून खरा आकडा लपवून बरा आकडा लिहीत. यंत्र सर्व लक्षांत ठेवितें, तेव्हां लपविणें आतां कठीण झालें. म्हणूनच आपलीं बोलणीं बंद झालीं पाहिजेत. वाढलेली साखर हें मातेचें पाप नव्हे. सासूबाईंनीं ‘दोन जिवांची आहेस’ म्हणून भाताचा आग्रह करूं नये; पतीनें जेवणानंतर तिच्यासोबत चार पावलें चालावें. डॉक्टरांनीं इन्सुलिन सांगितल्यास भिऊं नये. आणि केवळ आकडा पाहून मात्रा आपल्या मनानें बदलूं नये. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनीं पुन्हां रक्त तपासावें. बाळाच्या कौतुकांत ही तपासणी हमखास विसरली जाते, आणि पुढें मधुमेह जडण्याचा धोका तर त्या मातेस कायमचाच असतो.

एलिझाबेथ गरोदर असल्याचें कळतांच पवित्र मारिया डोंगराळ प्रदेशांत तिच्या घरीं त्वरेनें गेली व सुमारें तीन महिने तिच्याजवळ राहिली. यंत्रास जें साधत नाहीं तें हेंच. आपल्या धर्मग्रामांतील प्रत्येक गर्भिणीस अशी सोबत लाभो, एवढीच या महोत्सवीं देवापाशीं प्रार्थना करून मीं आपली रजा घेतें.