महागाईचे माप कोणाच्या हाती?



या व्यासपीठावर पंडित बोलतात, प्राध्यापक बोलतात. माझे शाळेतील शिक्षण बेताचेच. पुढे जे काही वाचले ते वाचनालयात बसून आणि पगाराच्या करारांतील कलमे उलगडण्याच्या गरजेपोटी. तेव्हा अर्थशास्त्राचे मोठे सिद्धान्त माझ्याकडून ऐकावयास मिळतील अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

विषय महागाईचा आहे. महागाई वाढली की नाही, हे सांगण्यासाठी मी उभा नाही. ते समोर बसलेल्या भगिनी माझ्याहून अधिक जाणतात. भाजीमंडईत पिशवी किती भरली आणि पाकीट किती रिकामे झाले, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. मला सांगावयाचे आहे ते निराळे. महागाई मोजतात कशी, ते माप तयार कोठे होते, आणि त्या मापात सातारा-सांगलीला जागा किती, एवढाच माझा प्रश्न आहे. हा प्रश्न रुक्ष वाटेल. पण कारखान्यातील कामगाराचा महागाई भत्ता त्या मापावर ठरतो. माप खोटे असेल तर ताटातली भाकरी खरी असूनही अपुरी पडते.

प्रथम एक घोटाळा दूर करू. ऑक्टोबर २०२५ मध्ये देशातील किरकोळ महागाईचा दर पाव टक्क्यावर आला, असे वर्तमानपत्रांनी छापले. आकडा खरा होता, ०.२५ टक्के. पण लोक हसले. म्हणाले, मग तेल स्वस्त का नाही? खोबरे स्वस्त का नाही? ध्यानात घ्या, दर उतरणे म्हणजे भाव उतरणे नव्हे. शंभराची वस्तू पहिल्या वर्षी एकशेदहाला गेली आणि दुसऱ्या वर्षी एकशेदहाची एकशेअकरा झाली, तर महागाईचा दर दहा टक्क्यांवरून एक टक्क्याच्याही खाली आला. पण वस्तू काही शंभरावर परतली नाही. गाडीचा वेग मंदावला, गाडी मागे आली नाही. दर उतरला असे सांगून कोणी भत्ता नाकारू लागला, तर त्याला हे उदाहरण ऐकवावे.

आता माप कसे करतात ते पाहू. कामगारांच्या ग्राहक किमतींचा निर्देशांक केंद्र सरकारचे श्रम ब्यूरो काढते. आधी कामगार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी होते. धान्यावर किती, भाड्यावर किती, कपड्यांवर किती, दवाखान्यावर किती, अशी एक टोपली ठरते. मग ठरलेल्या बाजारांतील ठरलेल्या दुकानांतून त्याच वस्तूंचे भाव वारंवार घेतात. पायाभूत वर्षी टोपलीला लागलेले पैसे शंभर धरले, तर आज तिला किती लागतात, हाच निर्देशांक. यात गूढ काही नाही. आपल्या घरची वाणसामानाची वही आणि श्रम ब्यूरोची वही यांची जात एकच. फरक एवढाच की आपल्या वहीत आपले घर असते, आणि त्या वहीत देशभरच्या घरांची सरासरी.

ही टोपली अधूनमधून बदलावी लागते. १९६०, १९८२, २००१ आणि २०१६ अशी पायाभूत वर्षे झाली. नवी मालिका जुनीला जोडण्यासाठी जोड-गुणक असतो. १९६० ची मालिका १९८२ ला जोडताना तो ४.९३ होता, १९८२ ची २००१ ला जोडताना ४.६३ आणि २००१ ची २०१६ ला जोडताना २.८८. तिन्हींचा गुणाकार केला तर सुमारे ६५.७ येतो. डिसेंबर २०२४ मध्ये नव्या मालिकेचा निर्देशांक १४३.७ होता. म्हणजे ज्या वर्षी दक्षिण सातारा जिल्ह्याचे नाव सांगली झाले, त्या १९६० साली शंभर रुपयांत होणाऱ्या खर्चाला २०२४ च्या अखेरीस या हिशेबाने सुमारे ९,४०० रुपये लागत होते.

मालिका बदलली की सावध राहावे लागते. ऑगस्ट २०२० चा निर्देशांक ३३८ होता आणि सप्टेंबर २०२० चा ११८.१. नुसते आकडे वाचणाऱ्याला वाटेल, एका महिन्यात रामराज्य अवतरले! परंतु ११८.१ ला २.८८ ने गुणा, ३४० येतात. भाव उतरले नव्हते, चढलेच होते. केवळ मोजपट्टी बदलली होती. ज्या करारात जोड-गुणकाचे कलम नीट लिहिलेले नाही, तेथे भांडण उभे राहते, आणि अशा भांडणात हिशेब न कळणाऱ्याचा पराभव ठरलेला असतो.

टोपलीत कोणत्या वस्तूला किती वजन, हा त्याहून मोठा प्रश्न. २००१ च्या मालिकेत अन्न व पेये यांचे वजन शंभरात ४६.२ होते, २०१६ च्या मालिकेत ते ३९.१७ झाले. किरकोळ खर्चाचे, म्हणजे औषध, शिक्षण, प्रवास, फोन यांचे वजन २३.२६ वरून ३०.३१ वर गेले. हे सर्वस्वी चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. मोबाइल आणि शिकवणीचा खर्च आज कोणत्या घरात नाही? पण सरासरी ही सरासरीच असते. जो कायम कामगार आहे आणि ज्याच्या घरात दोन पगार येतात, त्याला ती लागू पडेल. कंत्राटी कामगाराचे, हमालाचे, विट्याच्या यंत्रमागावर पाळी करणाऱ्याचे काय?

एक कल्पित हिशेब मांडतो. समजा अन्न दहा टक्क्यांनी महागले आणि बाकी सर्व चार टक्क्यांनी. सरकारी वजनाने एकूण महागाई ६.३५ टक्के निघेल. ज्या घरात मिळकतीतले साठ टक्के अन्नावरच जातात, त्या घरची महागाई मात्र ७.६ टक्के. पंधरा हजार मिळवणाऱ्याला सरकारी हिशेबाने साडेनऊशे रुपये वाढवून मिळाले. त्याचा खर्च वाढला अकराशेचाळिसांनी. महिन्याला सुमारे एकशेनव्वद रुपयांची तूट. ही तूट कोठून भरून निघते, ते दुधाच्या पातेल्यात आणि मुलांच्या फळांत पाहावे.

आता आपल्या जिल्ह्यांकडे येऊ. २०१६ च्या मालिकेसाठी देशभर ८८ केंद्रांतील ३१७ बाजारांतून भाव घेण्याचे ठरले. मुंबई, पुणे, सोलापूर, नाशिक, नागपूर ही केंद्रे त्यात आहेत. सातारा नाही, सांगली नाही. सामान्य किरकोळ किमतींचा दुसरा निर्देशांक सांख्यिकी खाते प्रसिद्ध करते. तो देशाचा आणि राज्याचा असतो, जिल्ह्यापर्यंत उतरत नाही. शेतमजुरांचा निराळा निर्देशांक आहे, तोही राज्यापाशी थांबतो. म्हणजे भाव आम्ही मोजायचा मंडईत, आणि त्या भावाचे माप घ्यायचे परगावच्या काट्यावर!

हे सर्वत्र असेच असते काय? फिलिपाइन्स हा काही धनाढ्य देश नव्हे. बेटांचा देश आहे, वादळे झेलतो, तांदळावर जगतो. तेथील सांख्यिकी खाते प्रत्येक प्रांताचा किंमत-निर्देशांक दरमहा प्रसिद्ध करते. इतकेच नव्हे, तर सर्वांत कमी मिळकतीच्या तीस टक्के कुटुंबांसाठी वेगळा निर्देशांकही काढते. कारण गरिबाच्या टोपलीत तांदूळ अधिक असतो, आणि तांदूळ महागला की त्याची महागाई श्रीमंताच्या महागाईहून निराळी होते, हे त्यांनी मान्य केले आहे. त्यांच्या एखाद्या प्रांतात जे होते, ते सातारा-सांगलीत का होऊ नये?

कोणी म्हणेल, सोलापूर काय आणि सांगली काय, फरक तो कितीसा? फरक आहे. कुपवाड-मिरजेच्या औद्योगिक वसाहतीभोवतीचे खोलीभाडे सोलापूरच्या भाड्याच्या चालीने चालत नाही. पाचगणी-महाबळेश्वरच्या हॉटेलांत राबणाऱ्याला पर्यटकांच्या बाजारात भाजी घ्यावी लागते. माण, खटाव आणि जत या तालुक्यांत उन्हाळ्यात पाणी विकत घेण्याची पाळी येते. कृष्णाकाठच्या घराला तो खर्च ठाऊक नाही. एकाच जिल्ह्यात इतके अंतर, तर दुसऱ्या जिल्ह्याचा आकडा आपल्याला तंतोतंत कसा बसावा? आपला निर्देशांक काढला तर तो चढाच निघेल, अशी ग्वाही मी देत नाही. कदाचित काही बाबतींत उतराही निघेल. निघू द्या. खरे माप आपल्या विरुद्ध गेले तरी ते मानण्याची तयारी ठेवूनच ते मागितले पाहिजे; नाही तर आपल्या मागणीत आणि मापात मारणाऱ्या दुकानदारात फरक काय राहिला?

आकड्यावर प्रश्न विचारणे म्हणजे सरकारशी वैर नव्हे. १९६३ साली मुंबईच्या कामगारांनी तक्रार केली की, निर्देशांक खऱ्या भाववाढीपेक्षा कमी दाखवतो. महाराष्ट्र सरकारने प्राध्यापक डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने हिशेब तपासला आणि तक्रारीत तथ्य असल्याचा निर्वाळा दिला. निर्देशांकात दुरुस्ती झाली. या गोष्टीतून दोन धडे मिळतात. आकडा माणसेच तयार करतात, म्हणून तो चुकू शकतो. आणि पुरावा घेऊन गेले तर तो दुरुस्तही होऊ शकतो.

आता एक नेहमीचा आक्षेप. महागाई भत्त्यामुळेच महागाई वाढते, असे सांगितले जाते. १९७२ च्या दुष्काळामागून भाव भडकले, तेव्हा हीच विचारसरणी होती. १९७४ साली कायदा करून वाढीव महागाई भत्त्यातील निम्मी रक्कम सक्तीने ठेवीत घालण्यात आली. मजुरीचा भाग किमतीत असतो, हे मला मान्य आहे. परंतु क्रम पाहा. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने कहर केला. कामगारांचा निर्देशांक एका महिन्यात १३६.४ वरून १३९.७ वर गेला. सप्टेंबरात तो १३७.५ वर उतरला. केंद्र सरकारी नोकरांचा भत्ता बारा महिन्यांच्या सरासरीवर ठरतो. कारखान्यांच्या करारांतही काही महिन्यांची सरासरी धरण्याची रीत आहे. जुलैत महाग घेतलेल्या भाजीचा मोबदला पुढे केव्हा तरी, तोही सरासरीत विरघळून हाती येतो. जो मागून येतो त्यालाच आधीच्या भाववाढीचा बाप ठरवणे, हा न्याय मोठा चमत्कारिक!

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे, कारण तो आपल्याच घरातून येतो. येथील कामगार बहुधा शेतकऱ्याचा मुलगा किंवा भाऊ. लोणंदच्या बाजारात कांदा पडला की गावाकडचा भाऊ रडतो, आणि शहरातील भावजय समाधान मानते. मग आम्ही स्वस्ताई मागावी की नाही? माझे उत्तर असे: मागणी स्वस्ताईची नाही, मापाची आहे. खरे माप असले, तर शेतकऱ्याला किती मिळाले आणि ग्राहकाने किती दिले यांतील अंतरही उघड होईल. त्या अंतराचा जाब दोघा भावांनी मिळून विचारावा; एकमेकांना विचारू नये.

या मातीत हे नवे नाही. १९४२ नंतर याच दोन जिल्ह्यांच्या भूमीवर प्रतिसरकार उभे राहिले. त्याने केवळ परकी सत्तेशी झुंज दिली असे नव्हे. धान्याच्या पुरवठ्याची आणि वाटपाची व्यवस्थाही पाहिली. सामान्य माणसाच्या घरातील धान्य हा राज्यकारभाराचा विषय आहे, ही जाण येथे जुनी आहे.

मग करावे काय? सरकारने सातारा आणि सांगली येथे केंद्रे उघडावीत, ही मागणी आहेच. पुढल्या वेळी पायाभूत वर्ष बदलेल तेव्हा ती आधीपासून दाखल असली पाहिजे. पण तोपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. साताऱ्यात एक आणि सांगलीत एक, अशा दोन भाव-वह्या सुरू कराव्यात. वीस वस्तू निवडाव्यात: ज्वारी, गहू, तांदूळ, तूरडाळ, गोडेतेल, साखर, चहा, दूध, कांदा, बटाटा, गॅसची टाकी, दाढीकटिंग, शाळेची वही, एका खोलीचे भाडे अशा. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्याच दुकानात जाऊन, तीच प्रत आणि तेच वजन पाहून भाव लिहावा. वजन अवश्य लिहावे. कारण बिस्किटांचा पुडा पाच रुपयांचाच राहतो आणि आतले वजन घटते, तीही महागाईच होय. पावती मिळाली तर चिकटवावी. महाविद्यालयातील अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी बेरीज करावी, गृहिणींनी ती तपासावी, आणि वाचनालयाच्या फळ्यावर दरमहा लावावी. व्यापाऱ्यांनाही बोलवावे, ज्याचे माप चोख आहे त्याला वहीचे भय नाही.

या वह्यांना कायद्याची मान्यता नसेल. त्यांवरून उद्या कोणाचा भत्ता वाढणार नाही. परंतु तीन वर्षे न चुकता लिहिलेली वही घेऊन आपण श्रम ब्यूरोच्या दारी गेलो, तर आपल्या हाती रडगाणे नसेल, पुरावा असेल. १९६३ च्या मुंबईकर कामगारांचे म्हणणे हिशेब तपासल्यावर खरे ठरले. आपल्या म्हणण्यालाही तीच कसोटी लागावी.

येत्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी ज्यांना तासभर मोकळा आहे, त्यांनी सभा संपल्यावर चालकांकडे नाव द्यावे. वही मी आणली आहे. तिच्यात अद्याप एकही भाव लिहिलेला नाही.