निळ्या रेषेच्या आत

आज पदवीधर झालेल्या नगररचनाकार, वास्तुविशारद, अभियंत्यांनो,

आपल्याकडे चौकाला नाव कुणाचं द्यायचं यावरून पालिकेच्या सभा गाजतात. तो चौक आखला कुणी, हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणून आज एक नाव मुद्दाम घेतो : रामूअण्णा किर्लोस्कर.

त्यांचे बंधू, उद्योजक लक्ष्मणराव, सर्वांना माहीत आहेत. बेळगावच्या नगरपालिकेला शहर वाढवायला जागा हवी होती, त्यात त्यांच्या कारखान्याला बिऱ्हाड उचलावं लागलं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला, वर दहा हजारांचं कर्ज. 1910 ची ही गोष्ट. निवडुंग तोडायचा आणि साप हुसकायचे, इथून सुरुवात. लक्ष्मणरावांचं चित्त नांगरांच्या ओतकामात, तेव्हा किर्लोस्करवाडी ही वसाहत आखण्याचं आणि चालवण्याचं काम रामूअण्णांनी अंगावर घेतलं. नगररचनेची पदवी त्यांच्याकडे नव्हती, तेव्हा देशात ती मिळतच नव्हती. मुंबई इलाख्याचा नगररचना कायदासुद्धा 1915 चा. म्हणजे वाडी आधी, कायदा मागाहून!

किर्लोस्करवाडीतल्या रस्त्या-घरांपेक्षा मला तिथले दोन निर्णय मोठे वाटतात. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही असं ठरलं, आणि पहाऱ्याला शिक्षा भोगून आलेले तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग नेमले गेले. घर कुणी कुठे बांधायचं, पाणी कुणी कुठलं भरायचं, हे आपल्या गावांत जातीनं आधीच ठरवून टाकलेलं असे. कागदावर सरळ रस्ता ओढणं त्यामानानं सोपं. जातीचा हा जुना नकाशा पुसायला छाती लागते.

माणसांचा नकाशा पुसावा, पण जमिनीचा वाचावा. त्यासाठी साताऱ्याचं थोडक्यात सांगतो; तिथे शहाणपण उतारानं येतं. कास तलावाचं पाणी एकोणिसाव्या शतकापासून डोंगरावरून आपल्या वजनानं शहरात उतरतं. जमिनीचा कल ओळखला की पंपाचं निम्मं काम झालं.

सांगलीत तोच कल आपण विसरलो. पावसाळ्यात इथे माणसं एकमेकांना एकच विचारतात, ‘आयर्विनला किती फूट?’ 1929 साली खुल्या झालेल्या त्या आयर्विन पुलाजवळ चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर इथल्या लोकांना हे आकडे पुस्तकातून शिकावे लागत नाहीत. भिंतीवरचा चिखलाचा पट्टा बघितला तरी पुरतं. आता कुणी म्हणेल, नदीकाठी घरं बांधलीच कशाला? ज्याला शहरात परवडेल अशी जागा दुसरी कुठे मिळालीच नाही, त्यानं गुंठाभर घेतला. पाणी साठणारा सखल ओत बुजवून प्लॉट पाडणाऱ्यानं त्याला पूररेषा दाखवली नव्हती. गुंठेवारी नियमित करून कागद सरळ झाला, पण पाण्याला कागद वाचता येत नाही.

पूररेषा दोन असतात : निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तांबडी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. उद्या तुमच्या टेबलावर निळ्या रेषेच्या आतला एखादा लेआउट येईल. सोबत फोन येईल, चहा येईल, ‘साहेब, एवढं बघा’ येईल. तुम्ही सही केली नाहीत, तर तुमचा सत्कार कुठे होणार नाही, उलट बदली होईल. उद्घाटनाला फीत लागते आणि न झालेल्या बांधकामाला फीत कुठे बांधणार?

म्हणून इथे बसलेल्या मान्यवरांना एक विनंती. शहर घडवणाऱ्यांसाठी पुरस्कार ठेवायचा असेल तर उड्डाणपूल आणि कारंजी यांना दरवर्षी देत आहातच, एक वर्ष राखलेल्या मोकळ्या जमिनीला द्या. नाला खुला ठेवला, ओत बुजू दिला नाही, नदीकाठचं मैदान विकू दिलं नाही, अशा अधिकाऱ्याला, नगरसेवकाला, नाहीतर गल्लीतल्या मंडळाला. अर्जासोबत दोन फोटो मागा. एक मे महिन्यातला, त्यात पोरं क्रिकेट खेळताना दिसली पाहिजेत. दुसरा ऑगस्टमधला, त्यात कमरेएवढं पाणी असावं आणि बुडालेलं घर एकही नसावं. पहिल्या वर्षी अर्ज थोडे येतील, तेव्हा परीक्षक म्हणून मी फुकट यायला तयार आहे.