दवाखान्यातला दिवस कसा भरायचा?



आजचा विषय आपल्या गटाच्या बैठकीत सहसा निघत नाही. कुणाचं लेकरू, कुणाचा दीर, कुणाची नणंद समजायला हळू असते. गावात त्यांना सरळ वेडं म्हणतात. पण वेड वेगळं आणि हे वेगळं. याला बौद्धिक दिव्यांगत्व म्हणतात. ते लहानपणापासून असतं आणि आयुष्यभर राहतं. अशा माणसाला आकडी येऊ शकते, ऑपरेशन लागू शकतं, तुम्हाआम्हासारखा मानसिक आजारही होऊ शकतो. मग दवाखान्यात भरती करावं लागतं. कुणी जिल्हा रुग्णालयात जातं, तर कुणी येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथल्या सरकारी मनोरुग्णालयात.

भरती झाली की त्याचा सगळा दिवसच मोडतो. घरी शेळीला पाला टाकायचा, नळावर कळशी धरायची, ओट्यावर बसायचं. वॉर्डात यातलं काही नाही. अनोळखी माणसं, औषधांचा वास, सुईची भीती. कुठं दुखतंय ते सांगता येत नाही. मग तो ओरडतो, डोकं आपटतो. लोक म्हणतात, "बांधून ठेवा, झोपेचं इंजेक्शन द्या."

अशा वेळी दोन गोष्टी बघायच्या. पहिली, शरीर. दात, कान दुखतोय का, पोट साफ नाही का, हे डॉक्टरांना तपासायला सांगा. पुष्कळदा आरडाओरड्याचं मूळ दुखण्यात असतं. दुसरी गोष्ट म्हणजे रिकामा वेळ. तो भरणं हासुद्धा उपचारच आहे. मोठ्या दवाखान्यात त्यासाठी ऑक्युपेशनल थेरपिस्ट असतात.

आमच्या गटातल्या एका ताईंचा बावीस वर्षांचा मुलगा भरती होता. दुपारी चार वाजले की तो दाराला धडका द्यायचा. थेरपिस्टनं ताईंना विचारलं, "घरी चार वाजता हा काय करतो?" ताई म्हणाल्या, "शेळ्यांना पाणी दाखवतो." दुसऱ्या दिवसापासून चारला त्याच्या हातात झारी दिली आणि अंगणातल्या कुंड्यांना पाणी घालायला नेलं. औषधं चालूच होती, पण चारची धडक आठवडाभरात थांबली.

काम कसं द्यायचं, तेही ऐका. वाती वळायचं उदाहरण घेऊ. कापूस पिंजायचा, लांबवायचा, वळायचा, डबीत ठेवायचा. एकदम सगळं शिकवू नका. सुरुवातीला तीन पायऱ्या तुम्ही करा, शेवटची तिला करू द्या. वात डबीत पडली की "शाबास" म्हणा. काम पुरं केल्याचा आनंद तिला पहिल्याच दिवशी मिळतो. मग वळणंही तिच्याकडे द्या आणि असंच मागे मागे जा. रोज वेळ तीच ठेवा. "वाती करायच्या की शेंगा फोडायच्या?" असं विचारून निवड तिला करू द्या. मोठ्या माणसाला तान्ह्याचा खुळखुळा देऊ नका. वस्तू तोंडात घालायची सवय असेल तर मणी, शेंगदाणे नकोत. आकडी येत असेल तर कात्री, सुई, चूल लांब ठेवा. औषधानं झोप येत असेल तर जबरदस्ती नको.

मात्र उपचार वेगळा आणि राबवून घेणं वेगळं. मानसिक आजारासाठी भरती झालेल्यांना २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं हक्क दिले आहेत. रुग्णाकडून सक्तीनं काम करून घेता येत नाही आणि काम केलं तर योग्य मोबदला द्यावा लागतो. साखळीनं बांधायला बंदी आहे. सक्तीनं डोकं भादरता येत नाही. हातपाय बांधायचे तर तातडीचा धोका टाळायला दुसरा मार्गच नसेल तेव्हाच, तेही मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीनं. शिक्षा म्हणून कधीच नाही. घरचे नेत नाहीत एवढ्यासाठी कुणाला तिथंच ठेवून घेणंही कायद्याला मान्य नाही.

हे शेवटचं आपल्याला लागू आहे, बायांनो. दवाखान्यात लागलेली सवय घरी मोडली तर त्रास पुन्हा सुरू होतो. मग घरचे थकतात आणि माणूस तिकडेच राहतो. म्हणून सुट्टी मिळायच्या आधी थेरपिस्टला विचारा, "घरी काय चालू ठेवू?" आणि ते गटाला सांगा. आईला दोन तास झोप मिळावी म्हणून आपल्यातली एकजण त्याच्याजवळ बसू शकते. नॅशनल ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना आहे. तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं आणि थेरपीचा खर्चही येतो. चौकशी करा.

पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की एक काम करा. ज्यांच्या घरी असं माणूस आहे, त्यांच्यासाठी एक कागद लिहा. घरी कोणत्या नावानं हाक मारतात, पाणी आणि संडास कसं मागतो, दुखलं की काय करतो, कशाला भितो, काय आवडतं, किती वाजता काय करतो, कोणती औषधं चालू आहेत. ज्या ताईंना लिहिता येत नाही त्यांना दुसरीनं लिहून द्यावं. हा कागद आधार कार्डासोबत ठेवा. भरती करताना तो सिस्टरच्या हातात द्या. त्याला सांगता येत नाही ते हा कागद सांगेल.