औषधांच्या जगातला जागल्या

चोरी म्हटली की फोडलेले कुलूप डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु १९३९ साली अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी आपल्या व्याख्यानात निराळ्याच गुन्हेगाराकडे लक्ष वेधले. तो प्रतिष्ठित असतो, त्याची बैठक कचेरीत असते आणि त्याचे हत्यार लेखणी असते. मराठीत यास पांढरपेशी गुन्हेगारी म्हणतात. ती आरोग्याच्या क्षेत्रात शिरली म्हणजे फसविला गेलेला मनुष्य फिर्यादही करीत नाही; कारण औषधाने गुण आला नाही, तर रोगी दैवाला बोल लावतो, औषधाला नव्हे.

मग हा गुन्हा उघडकीस यावा कसा? रॅनबॅक्सी या भारतीय औषध कंपनीचे प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. औषध किती काळ टिकते हे पाहण्यासाठी ते तयार झाल्यापासून तीन, सहा, नऊ महिन्यांनी तपासावयाचे असते. देवास येथील कारखान्यात काही औषधांच्या या तपासण्या पुष्कळदा एकाच दिवशी किंवा थोड्या दिवसांच्या अंतराने उरकल्या गेल्या. अमेरिकन सरकारला पाठविलेल्या अहवालांतील तारखा मात्र खोट्या होत्या. वरकरणी नीटनेटक्या कागदातील अशी लबाडी प्रथम ओळखू शकतो तो आतलाच मनुष्य. कंपनीतील एक अधिकारी दिनेश ठाकूर यांनी २००५ साली नोकरी सोडली आणि बनावट नोंदींची माहिती अमेरिकेच्या औषध प्रशासनास कळविली. तपास वर्षानुवर्षे चालला. अखेर मे २०१३ मध्ये कंपनीच्या अमेरिकेतील शाखेने सात गंभीर गुन्ह्यांची न्यायालयात कबुली दिली. फौजदारी व दिवाणी मिळून ५० कोटी डॉलर भरण्याचे ठरले.

येथे उपयोगी पडला तो १८६३ सालचा कायदा. यादवी युद्धात सैन्याला निकृष्ट माल पुरवून सरकारला लुबाडणाऱ्या ठेकेदारांसाठी तो झाला. त्यान्वये कोणीही नागरिक सरकारच्या वतीने दावा लावू शकतो, आणि वसुलीतील हिस्सा त्याला मिळतो. ठाकूर यांना सुमारे ४.८६ कोटी डॉलर मिळाले. सचोटीला मोल द्यावे काय, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु खरे बोलल्याने ज्याची उपजीविका जाते, त्याला केवळ शाबासकी पुरत नाही.

तरीही न्याय अपुराच राहिला. दंड कंपनीच्या तिजोरीतून गेला. एकाही वरिष्ठ अधिकाऱ्यावर व्यक्तिशः खटला झाला नाही. लेखणी चालविणारा हात मोकळाच राहिला, तर दंड हा धंद्यातला एक खर्च ठरतो.

भारतात २०१४ साली जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला; परंतु त्याचा रोख लोकसेवकांविरुद्धच्या तक्रारींवर आहे. खासगी कारखान्यात खोटी नोंद पाहणाऱ्या कारकुनास वा रसायनतज्ज्ञास त्याचा आधार नाही. पूर्वी रात्री पहारा देणाऱ्या जागल्याच्या पोटाची तजवीज गाव करीत असे. औषधांच्या कारखान्यातील जागल्याची तजवीज करणे, हे आज समाजाचे कर्तव्य आहे.